जहांगीरची विजेची सुरी : तीन भाग अशनी, एक भाग लोखंड

10 एप्रिल 1621 च्या पहाटे जालंधर परगण्यातल्या एका गावात पूर्वेकडून प्रचंड आवाज झाला, वरून उजेड खाली आला आणि जमिनीत काहीतरी घुसलं. तिथला आमील, म्हणजे महसूल अधिकारी, मोहम्मद सईद तातडीनं घोड्यावरून जागेवर गेला आणि त्यानं जमीन खणायला लावली. आत लोखंडाचा गोळा निघाला. तो थैलीत घालून, मोहोर लावून दरबारात रवाना झाला. बादशहा जहांगीरनं आपल्यासमोर वजन करवलं, ते भरलं 160 तोळे. हे सगळं त्याच्या आठवणींत, तुझुक-इ-जहांगिरीत, नोंदलेलं आहे. खणताना गोळा भट्टीतून काढल्यासारखा तापलेला होता असंही तिथं म्हटलंय, पण ते जरा सांभाळून घ्यावं. अशनी, म्हणजे आकाशातून पडणारा असा गोळा, हवेतून काही सेकंदच जळतो, त्याचा वरचा पापुद्रा वितळून उडून जातो आणि आतलं लोखंड गारच राहतं.

कारागिराच्या कामाची वाक्यं त्यापुढे आहेत. बादशहानं उस्ताद दाऊदला यातून एक तलवार, एक खंजीर आणि एक सुरी करायला सांगितलं. दाऊदनं कळवलं की हे लोखंड घणाखाली टिकत नाही, तुकडे होतात. मग दुसरं लोखंड मिसळून कर, असा हुकूम झाला. तीन भाग विजेचं लोखंड, म्हणजे आकाशातून पडलेलं ते लोखंड, आणि एक भाग दुसरं लोखंड घेऊन दाऊदनं दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी आणून दिली. पात्यांवर जौहर, म्हणजे पोलादातली पट्ट्यांची नक्षी, उठलं होतं. तलवार येमेनी आणि दक्षिणी तलवारींसारखी वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. समोर घाव घालून पाहिला, तोही उत्तम बसला.

या चारांपैकी सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. पात्यावर सोन्यानं जडवलेला फारसी मजकूर आहे आणि हिजरी 1030 हे साल आहे. म्हणजे गोळा, वजन, पहिलं अपयश, प्रमाण आणि तयार वस्तू, सगळ्याची नोंद एकाच प्रकरणात मिळते. अशनीच्या लोखंडातून काही घडवायचं असेल त्यानं आधी हे प्रकरण नीट उलगडून बघावं.

घणाखाली तुकडे का झाले

अशनीचं लोखंड म्हणजे लोखंड आणि निकेल. निकेल साधारण 5 ते 12 टक्के, कोबाल्ट अर्धा टक्क्याच्या आसपास, कार्बन नावापुरता. अशनी मुळात एखाद्या लघुग्रहाच्या पोटात असतो आणि तिथं तो दहा लाख वर्षांत काही अंश ते काही शे अंश सेल्सियस इतक्या संथ गतीनं गार होतो. तेवढ्या सवडीत दोन वेगळे स्फटिक वेगळे होतात: कमी निकेलचा कामासाइट आणि जास्त निकेलचा टेनाइट. कामासाइटच्या पट्ट्या अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर वाढतात. असा तुकडा कापून, घासून, त्याला आम्ल लावलं की एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी दिसते. 1808 मध्ये व्हिएन्नात आलोइस फॉन विडमनश्टेटननं ती पाहिली आणि तिला त्याचंच नाव मिळालं. भट्टीत ही जाळी बनवता येत नाही.

दिसायला देखणा असलेला हाच स्फटिक लोहाराला मात्र त्रास देतो. कामासाइटच्या पट्ट्यांच्या कडेनं आणि मधेमधे श्रायबरसाइट बसलेलं असतं. हे लोखंड-निकेलचं फॉस्फाइड, रंगानं चांदीसारखं आणि काचेसारखं ठिसूळ. शिवाय ट्रॉइलाइटचे, म्हणजे लोखंडाच्या सल्फाइडचे, काशाच्या रंगाचे गोटे असतात. गार असताना घाव घातला तर तडा फॉस्फाइडच्या रेषेनं धावतो. तापवून घातला तर आणखी वाईट. लोखंड आणि सल्फाइड जिथं एकमेकांना टेकतात तिथं 988 अंशांनाच द्रव होतो, फॉस्फाइडच्या कडाही 1050 च्या आसपास पाझरायला लागतात. बाहेरून गोळा छान नारिंगी दिसतो, आत मात्र प्रत्येक सांध्यात पातळ रस असतो. घण बसला की गोळा त्या सांध्यांवर सुटतो. दाऊदसारखा दरबारी कारागीर आपल्या रोजच्या पोलादाच्या सवयीनं ताव देणार, म्हणजे हजाराच्या वरच. तुकडे होणं अटळच होतं.

याचा उलटा पुरावा इजिप्तमध्ये आहे. तुतनखामुनच्या थडग्यातल्या खंजिराच्या पात्यात 2016 च्या तपासणीत सुमारे 10.8 टक्के निकेल आणि 0.58 टक्के कोबाल्ट सापडलं. पुढे जपानी संशोधकांना त्यावर विडमनश्टेटन जाळीच्या खुणाही दिसल्या. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ते पातं 950 अंशांच्या खाली ठोकून केलं असावं. कमी ताव, हलके घाव आणि भरपूर सहनशीलता असेल तर निव्वळ अशनीचं पातं होतं. ते मऊच राहतं, पण तुटत नाही.

एक चतुर्थांशाचं गणित

आजच्या तोळ्यानं 160 तोळे म्हणजे सुमारे 1.87 किलो. एक चतुर्थांश दुसरं लोखंड व्हायचं तर 53 तोळे, सुमारे 620 ग्रॅम. एकूण 2.5 किलोच्या जवळपास. दोन तलवारींची पाती 600 ग्रॅमची धरली, खंजीर 250 आणि सुरी 100, तर तयार माल दीड किलोच्या थोडा वर जातो. उरलेला किलोभर माल खपल्यांत आणि घासकामात गेला. सांधेजोड करून घडवलेल्या कामात इतकी घट अगदी नेहमीची आहे. हुकूम एका तलवारीचा होता आणि दोन आल्या, हेही या हिशोबात बसतं.

दुसरं लोखंड कोणतं, हे बखरकारांच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे सांगितलेलं नाही. पण तलवार वाकून सरळ होत होती आणि कापत होती, या दोन गोष्टींवरून मागे जाता येतं. अशनीत कार्बन जवळपास नाही. उरलेला चौथा भाग साधं घडीव मऊ लोखंड असता तर एकूण कार्बन शून्याच्या जवळच राहिला असता. अशी तलवार वाकली की वाकलेलीच राहते. तेच 1.5 टक्का कार्बनचं मुशीतलं पोलाद धरलं, तर चौथ्या भागातून एकूण मिश्रणात 0.37 टक्के कार्बन येतो. पाणी पाजल्यावर, म्हणजे तापवून एकदम गार केल्यावर, स्प्रिंगसारखं वागायला आणि घाव पेलायला एवढा कार्बन पुरतो. म्हणून आमच्या मते दाऊदनं मिसळलेलं लोखंड म्हणजे वुट्झ, दक्षिण भारतातलं मुशीत केलेलं पोलादच असणार. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून ते त्या काळी दूरदूर जात होतं. बादशहानं तुलनेला दक्षिणी तलवारी घ्याव्यात, हेही सहज आलेलं नसावं.

मिसळलं कसं? मुशीत वितळवून की थर लावून? कार्बन 0.4 टक्क्याच्या आसपास असेल तर मिश्रण पूर्ण वितळायला 1480 अंशांच्या वर जावं लागतं. वुट्झच्या मुशी एवढ्या तापत नसत. त्यातलं पोलाद खूप कार्बन शोषून घेई आणि म्हणून कमी तापमानाला वितळे. तेव्हा तुकडे रचून, भट्टीत सांधून, ठोकून एकजीव केले असणं जास्त पटतं. जौहर का उठलं याचं उत्तरही त्यातच आहे. 1200 अंशांना कार्बन दहा मिनिटांत साधारण 0.4 मिमी सरकतो. निकेल तासाभरातही दहा मायक्रॉनच्या आत राहतं. त्यामुळे कार्बन सगळीकडे पसरतो, सगळं पातं सारखं कडक होतं, आणि निकेलचे पट्टे मात्र जिथल्या तिथं राहतात. आम्लात निकेलचा पट्टा उजळ आणि बाकीचं काळसर दिसतं.

मूळ स्फटिकजाळी या सगळ्यात पूर्ण नाहीशी होते. सांधायच्या तावाला कामासाइटची स्फटिकरचना बदलते आणि ठोकण्यानं पट्ट्या ताणून विस्कटतात. त्यामुळे फ्रीअरमधल्या सुरीवर दिसतं ते दाऊदचं जौहर, आकाशातली जाळी नव्हे. या प्रकारात गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात सगळ्यात जास्त वाद इथंच होतो. फोटोत बघितलेली जाळी हवी असेल तर लोखंड कापावं लागतं, ठोकायचं नसतं. ठोकलं तर जाळी गेली. एकाच पात्यात दोन्ही मागणाऱ्याला हे आगाऊच सांगावं.

आज दाऊदच्या प्रमाणानं सुरी करायची तर

आधी माल. मुओनिओनालुस्ता हा स्वीडनचा अशनी बाजारात सहज मिळतो. त्यात निकेल 8.4 टक्क्यांच्या आसपास आणि पट्ट्या बारीक असतात. घडवण्यासाठी पुष्कळ जण अर्जेंटिनाचा काम्पो देल सिएलो घेतात, निकेल 6.7 टक्के, पण त्यात दगडाचे कण असतात. सिखोटे-आलिन (रशिया, 12 फेब्रुवारी 1947) स्वस्त पडतो, मात्र त्यात फॉस्फाइड इतकं असतं की ठोकायच्या कामाला तो घेऊच नये. नामिबियाच्या गिबिऑनच्या निर्यातीवर बंदी आहे, तेव्हा कागदपत्रांशिवाय त्याच्या नादी लागू नये. भारतात पडलेले अशनी जतन करण्याचं काम जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहे. आणि लोणारचं अशनीलोखंड म्हणून कुणी काही विकत असेल तर सरळ पाठ फिरवावी. लोणारला जे आदळलं त्याचा धातूचा तुकडा हाती आलेला नाही, तिथं मिळतो तो बेसॉल्ट आणि त्याची काच. संशय असलेल्या तुकड्याला निकेलची गुलाबी रंगवाली रासायनिक चाचणी लावावी. निकेल नसेल तर तो अशनी नाही. निकेल असलं तरी कापून, आम्ल लावून बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

एका 15 सेंटिमीटर पात्याच्या सुरीसाठी 300 ग्रॅम अशनी आणि 100 ग्रॅम पोलाद पुरतं. अशनीचे 3 ते 6 मिमीचे तुकडे करायचे. वरचा काळा पापुद्रा आणि गंज घासून काढायचा. मग भिंगाखाली एकेक तुकडा बघायचा: काशाच्या रंगाचा ट्रॉइलाइट आणि पांढरट, फटकन फुटणारं श्रायबरसाइट वेगळं काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग बिलेट, म्हणजे सांधून एकजीव केलेला ठोकळा, फुटल्यावर भट्टीला दोष देतात. दाऊदकडे निवडायला वाव नव्हता, बादशहाचा गोळा होता तसा वापरायचा होता. आपल्याकडे आहे. निवडलेले तुकडे अ‍ॅसिटोननं धुवायचे.

पोलाद 1 टक्का किंवा जास्त कार्बनचं, भुकटी किंवा कीस. चांगल्या जुन्या कानशीचा कीसही चालतो. 1 टक्क्याच्या पोलादानं मिश्रणात 0.25 टक्केच कार्बन येईल, हे ध्यानात ठेवावं. शोभेच्या सुरीला तेवढ्यावर भागतं. खरी धार हवी असेल तर पुढे मधे पोलादाची स्वतंत्र पट्टी घालावी लागते.

हा माल भरून तापवायला आणि दाबायला डबा: 40 मिमी चौरस लोखंडी पाईप, भिंत 2.5 मिमी, लांबी 70 मिमी. आतून व्हाइटनरचा हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. त्यातल्या टायटॅनियम डायॉक्साइडमुळे डबा आतल्या मालाला चिकटत नाही. ओला राहिला तर वाफ धरते. तळ वेल्ड करायचा, तुकडे आणि भुकटी थराथरानं भरायची, प्रत्येक थराला डबा आपटून भुकटी फटींत बसू द्यायची. 400 ग्रॅम माल या मापात जवळजवळ काठोकाठ येतो. वर रॉकेलचे चार-पाच थेंब, ते जळताना आतला ऑक्सिजन संपवतात. झाकण वेल्ड करताना 2 मिमीचं छिद्र ठेवायचं. पूर्ण बंद डबा तापवला तर तो फुटतो आणि समोर उभा असलेल्याला लागतो.

ताव 1200 अंश, आणि तो आतपर्यंत पोचल्यावर अर्धा तास तसाच धरायचा. इथं घाई नको. पहिला दाब प्रेसखाली, उंचीत जेमतेम दहा टक्के. घण इथं वापरूच नये. या क्षणी फॉस्फाइडचा रस सांध्यांत पातळच असतो, आणि डबा असल्यामुळे त्याला बाहेर सुटायला वाट नसते. प्रेस हळू दाबतो, रस बाजूला सरकतो आणि लोखंडाला लोखंड टेकतं. घणाचा फटका त्याच सांध्यावर बसला तर माल आतच फाटतो आणि ते डबा उघडल्यावरच कळतं. डबा 90 अंशांत फिरवून दुसरा दाब, पुन्हा ताव, तिसरा दाब. डब्याची उंची निम्मी झाली की आतला माल बहुतेक एकजीव झालेला असतो. मग डबा ग्राइंडरनं सोलून काढायचा.

सोललेल्या बिलेटवर घणाचं काम 1000 ते 1050 मध्ये, आणि डोळे कोपऱ्यांवर ठेवून. कोपऱ्यात घामासारखे चमकदार ठिपके फुटायला लागले की ताव जास्त झाला. तसाच ठोकला तर कोपरा सुटतो. ताव उतरवून, त्या जागी टाकणखार टाकून पुन्हा सांधावं. बारीक भेग दिसली तर ती ग्राइंडरनं तळापर्यंत उघडून काढावी. टाकणखार भेगेत ओतून वरून बंद केली तर धातूचा मळ आत अडकतो आणि तो शेवटच्या पॉलिशला काळी रेघ म्हणून वर येतो.

धारेसाठी मधली पट्टी घालणार असाल तर बिलेट उभं चिरून त्याच्या दोन फळ्या करायच्या, मधे 1 टक्का कार्बनच्या पोलादाची 3 मिमी पट्टी, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना 0.1 मिमी निकेलचा पत्रा. पत्रा नसेल तर पट्टीतला कार्बन बाजूच्या अशनीत निघून जातो आणि धार मऊ पडते. पत्र्याची उजळ रेघ पात्यावर दिसते, तीही शोभून दिसते.

भोक पडत नाही, तेव्हा

पातं घडून हवेत गार केलं आणि मुठीच्या पिनेसाठी ड्रिल लावलं की बिट नुसती सरकते. पोलादाला सरावलेला माणूस इथं गोंधळतो. कारण निकेल. सहा टक्के निकेल असलेलं हे मिश्रण हवेतही बरंच कडक होतं. शिवाय तापवताना पोलादाची स्फटिकरचना ज्या तापमानाला बदलते ते निकेलनं साठेक अंशांनी खाली येतं, म्हणून साध्या पोलादासारखं 700 च्या वर तापवून राखेत पुरलं तरी हवा तसा मऊपणा येत नाही. 620 ते 640 अंशांना तीन-चार तास धरावं, मग भोकं, कानस, सगळं करून घ्यावं. पाणी पाजायला 790 अंश आणि 60 अंशांचं तेल. पाण्यात बुडवू नये, निकेलच्या पट्ट्यांच्या कडेनं तडकतं. नंतर 200 अंशांना एकेक तास दोनदा. जिथं मूळ टेनाइट जाड होतं तो पट्टा कडक होतच नाही. कानस तिथं किंचित चरते, ते तसंच सोडून द्यावं.

सोनं आम्लाच्या आधी. पात्यात 0.4 मिमी खोल चर, तळाशी दोन्ही अंगांना किंचित रुंद, त्यात शुद्ध सोन्याची तार ठोकून बसवायची, वर आलेली घासून सपाट करायची. आम्ल आधी लावलं तर ठोकताना जौहरवर वण उठतात. पॉलिश 1500 नंबरच्या कागदापर्यंत. मग फेरिक क्लोराइड, एक भाग तयार द्रावणाला तीन भाग पाणी, दहा मिनिटं, मधे एकदा बाहेर काढून मऊ ब्रशनं काळी पावडर पुसायची. एवढ्यात सोन्याला काही होत नाही. पण तारेच्या कडेला राहिलेलं क्लोराइड नंतर गंज काढतं, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात चांगलं अर्धा तास ठेवून, धुऊन, अल्कोहोलनं वाळवावं.

जाळीच हवी असेल

मग हे सगळं सोडून द्यायचं आणि 4 ते 5 मिमी जाडीची चकती घ्यायची. पातं कापायला डायमंड ब्लेड आणि भरपूर कूलंट, घासताना धातू हाताला सोसेल इतकाच गरम. ड्रिल हळू. ट्रॉइलाइटचा गोटा पात्याच्या कडेला येणार नाही अशी आखणी आधीच करावी, नाहीतर शेवटच्या घासकामात तो निखळतो आणि धारेत खळगा पडतो. मूठ पिनेपेक्षा इपॉक्सीवर जास्त अवलंबून ठेवावी, कारण आतली अदृश्य भेग पिनेच्या भोकातूनच सुरू होते. चकती कोणत्या कोनात कापली आहे त्यावर जाळीचे कोन ठरतात, म्हणून खरेदी करताना आम्ल लावलेली चकतीच बघावी.

1200 नंबरपर्यंत घासून नायटल लावायचं: 100 मिलि अल्कोहोलमध्ये 3 ते 5 मिलि नायट्रिक आम्ल. आम्ल अल्कोहोलमध्ये ओतायचं, उलटं नाही. द्रावण ताजं करायचं आणि उरलेलं बंद बाटलीत ठेवायचं नाही. ब्रशनं अर्ध्या मिनिटात पट्ट्या दिसायला लागतात, दोन मिनिटांत पुरे. जास्त ठेवलं तर कामासाइट खोल खाल्लं जाऊन पृष्ठभाग खरबरीत होतो. सोडा, पाणी, अल्कोहोल, मग 100 अंशांना तासभर ओव्हनमध्ये, आणि गरम असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

इतकं करूनही गंज येऊ शकतो, कारण जमिनीत पडून राहिलेल्या अशनीच्या भेगांत क्लोराइड मुरलेलं असतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अशी सुरी चामड्याच्या म्यानात ठेवली तर पंधरवड्यात तांबूस घाम धरते. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षारही त्यात राहतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी, जेलचा रंग बदलला की ती तापवून वाळवावी, आणि बोटांचे ठसे उमटले तर त्याच दिवशी अल्कोहोलनं पुसून पुन्हा मेण लावावं.